एक हजार एक, आणि वर ऐच्छिक

देणगी मी आनंदाने दिली, हे आधी सांगून टाकतो. माझं भांडण आहे ते वरच्या १८० रुपये १८ पैशांशी.

रविवार सकाळ, डोंबिवली, आमचं नेहमीचं सलून. दहावी 'ब'च्या ग्रुपवर एका आश्रमशाळेच्या वाचनालयासाठी मदतीची लिंक आली होती आणि पाठोपाठ स्क्रीनशॉट पडायला लागले होते. ज्याने तीन वर्षं गणितात माझी वही उतरवली, त्याने पाच हजार दिल्यावर गप्प बसणं शक्यच नव्हतं. गळ्याशी कापड बांधून झालं होतं. त्याखालून हात काढून मी १,००१ भरले. वरचा एक रुपया शुभ असतो.

'पुढे जा' दाबलं, तर आकडा १,१८१.१८. शुभ एक रुपया नेमका कुठे गेला ते कळेना. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ऐच्छिक टिप १८%'. आमच्या शाळेतही ऐच्छिक विषय असे आणि तो शिकवायला एकच मास्तर असत, तसलं हे ऐच्छिक. बाण दाबला की १२, १५, १८ आणि सगळ्यात तळाला, अडगळीत, 'इतर'. तिथे जाऊन शून्य लिहिलं, तर पुस्तक हातात धरलेल्या एका मुलीचा फोटो पडदाभर आला. त्याखाली भलंमोठं हिरवं बटण, 'हो, मी साथ देतो.' आणि त्याखाली फिकट करड्या अक्षरात, 'नको, मला मदत करायची नाही.'

अहो, मग ते हजार कशाचे होते?

"मला मदत करायची नाही," कानामागून आवाज आला. कारागीर माझ्या खांद्यावरून, रेल्वेतली पाटी वाचावी तसं मोठ्याने वाचत होता. "का हो साहेब, छोटी पोरगी आहे."

बाकावरच्या दोघांनी पेपर खाली घेतले.

शेजारच्या खुर्चीत एक काका होते. तोंडाला डोळ्यांपर्यंत फेस. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत हे मला नंतर कळलं, पण खरं तर पहिल्याच वाक्याला ओळखायला हवं होतं. अडचण एवढीच होती, की गालावर वस्तरा असताना त्यांना बोलता येत नव्हतं. वस्तरा पुसायला उचलला जाई तेवढ्या फटीत ते बोलत.

"यूपीआयने भरताय?"

वस्तरा. कानशिलापासून हनुवटीपर्यंत एक पट्टा साफ.

"मग एमडीआर, म्हणजे व्यवहारावरचं बँकेचं शुल्क, शून्य. १ जानेवारी..."

वस्तरा. दुसरा पट्टा.

"...२०२०पासून."

"पण काका, मधले पैसे पोहोचवणारे गेटवेवाले त्यांचं काहीतरी लावत असतील..."

"बरं, कार्डाने भरलंत समजू. साधारण दोन टक्के. म्हणजे २० रुपये २ पैसे. त्यावर जीएसटी..."

इथे वस्तरा नाकाखाली आला. नाकाखाली वस्तरा असताना शहाणा माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. आम्ही सगळे थांबलो. माझ्या डोक्यावरची कात्री थांबली. बाकावरचा एकजण पुढे वाकला. जीएसटीची एवढी उत्कंठेने वाट पाहणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"...३ रुपये ६० पैसे. एकूण २३ रुपये ६२ पैसे. मग उरलेले १५६ रुपये ५६ पैसे कुठे गेले?"

हे त्यांनी मला विचारलं. जणू कॅश काउंटरला मी बसलो होतो आणि संध्याकाळी हिशेब लागत नव्हता.

आणि मी, का कोण जाणे, ती देणगीची लिंक चालवणाऱ्या कंपनीची वकिली करायला लागलो. म्हटलं, ते लोक संस्थेकडून काही घेत नाहीत, कागदपत्रं तपासतात, पावत्या पाठवतात, माणसांचे पगार असतात.

"मग फी म्हणा ना! फी! ५० रुपये फी, असं तोंडावर सांगा. टिप काय? टिप वेटरला देतात."

"वेटरलाच देतात," माझा कारागीर हळूच म्हणाला आणि कात्री पुन्हा सुरू झाली.

काकांचं चूक नव्हतं. लग्नाला जाताना आपण एक रुपया चिकटवलेलं पाकीट विकत घेतोच. पाकिटाचे पैसे वेगळे पडतात, पण म्हणून यजमान दारात उभा राहून म्हणत नाही, की पाकीट उघडायला मला कष्ट पडणार आहेत, १८% द्या. गणपतीच्या वर्गणीला येणारी पोरं तर नाक्यावरची दादा मंडळी असतात, पण पावतीपुस्तकाच्या छपाईचे पैसे त्यांनीही कधी मागितले नाहीत. ५०१ सांगितले, १०१वर तुटलं, पावती फाडली, विषय संपला. घासाघीस होते, पण समोरासमोर होते. इथे घासाघीस करायला समोर कोण, तर फोटोतली मुलगी.

घरी येऊन वाचलं. केंद्र सरकारने २०२३ साली ग्राहकांना गंडवायच्या अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. त्यातली एक म्हणजे खरेदीच्या बिलात न विचारता जास्तीचं काही सरकवणं, आणि उदाहरणादाखल तिथे चक्क देणगी लिहिली आहे. म्हणजे मालाच्या बिलात दानधर्म घुसवतील, इथवर सरकारने विचार केला होता. दानधर्माच्या बिलात कुणी स्वतःला घुसवेल हे त्यांच्याही डोक्यात आलं नसावं. करसवलतीसाठीची ८०जीची पावतीही आली, फक्त १,००१ची. टिप कंपनीला गेली, ती दानात धरत नाहीत. तसाही मी नव्या करप्रणालीत आहे, त्यामुळे मला ८०जीचा उपयोग शून्य. पण तत्त्व म्हणून राग यायला काय हरकत आहे?

तर सलूनमध्ये. नंबरला दोघे, ग्रुपवर अकरावा स्क्रीनशॉट, आरशात चार चेहरे, आणि माझं अर्धंच डोकं झालेलं. मी हिरवं बटण दाबलं. पिन टाकला. कुणी जबरदस्ती केली नाही, हे मान्य आहे. स्क्रीनशॉट टाकताच वहीवाल्याचा मेसेज आला, "हे १,१८१.१८ काय रे? जीएसटीसकट देणगी?" खाली सात हसरे चेहरे.

कापड झटकलं गेलं. मानेवर ब्रश फिरला. मानेवर पावडर, मग मागून आरसा धरून, "बघा साहेब, ठीक?" सतरा वर्षं हाच माणूस माझे केस कापतोय. आधी वर, मग मागे, आता कानांतलेही. कोविडनंतर मास्क लावून घरी आला होता. सतरा वर्षांत मी त्याला वर काही दिल्याचं मला आठवत नाही. त्यालाही आठवत नसावं, कारण दिलेलंच नाही.

फोन काढला. कटिंगचे १२०. अंगठा आकड्यावर थोडा घुटमळला. पण सकाळपासून १८० गेले होते आणि माणसाची एक मर्यादा असते. १२० भरले.

काउंटरवरचा डबा खणखणीत ओरडला, "एकशे वीस रुपये प्राप्त झाले." सगळ्या सलूनला ऐकू गेलं.

कुणीच काही बोललं नाही. शेजारच्या खुर्चीत काकांच्या तोंडावर आता गरम टॉवेल होता. त्याखालून आवाज आला,

"ऐच्छिक."