वेळ कुठून काढतेस गं?

माझ्याकडे सध्या 31 शाईची पेनं आहेत. "एवढ्या पेनांचं करतेस काय?" असं मनात आलं असेल तर लाजू नका, माझ्या आईलाही हाच प्रश्न पडला होता. पण मला जास्त टोचतो तो दुसरा प्रश्न. ऑफिसात, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, कुठेही येतो: "वेळ कुठून काढतेस गं?"

माझा नवरा गेली सहा वर्षं दर रविवारी पहाटे सायकल काढतो आणि सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. त्याला हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. त्याला विचारतात, "आज किती किलोमीटर?"

सुरुवात लॉकडाऊननंतर माहेरचं कपाट आवरताना झाली. आठवीत बाबांनी घेऊन दिलेलं हिरो पेन सापडलं. चिनी, स्टीलच्या टोपणाचं. (ही पेनं 1941 च्या पार्कर 51 वरून बेतलेली, हे मला पंचेचाळिशीत कळलं. आठवीत आपण फक्त मिरवायचो.) आत शाईचा दगड झालेला. दोन दिवस साध्या पाण्यात भिजत ठेवलं. गरम पाणी नाही, स्पिरिट तर अजिबात नाही, त्याने जुनं प्लास्टिक जातं. तिसऱ्या दिवशी निबमधून निळी रेघ सुटली आणि पाण्यात धुरासारखी पसरली. बस्स, तिथे मी गेले.

मग ड्रॉपरने शाई भरायची पेनं आली. टाकीत थेट शाई ओतायची, आट्यांना ग्रीस लावायचं. ती का ठिपका टाकतात हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. टाकी अर्धी रिकामी झाली की आत हवा वाढते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणजे सातवीत प्रयोगवहीवर डाग पडून मी जो मार खाल्ला, त्यात माझी चूक काहीच नव्हती! टाकी भरलेली ठेवायची, एवढाच उपाय होता. एबोनाइटचं पेन हातात धरलं की गंधकाचा बारीक वास येतो, कारण ते रबर आणि गंधक तापवूनच करतात. राजमहेंद्रीचं रत्नम पेन घेतलं तेव्हा ते स्वदेशीच्या काळातलं, गांधीजींच्या आग्रहातून जन्मलेलं, ही गोष्ट मी घरात प्रत्येकाला दोनदा सांगितली. आपली कॅम्लिनसुद्धा 1931 साली शाईची पूड आणि गोळ्या विकत सुरू झाली, तीही घोडा छाप. उंट मागून आला. हेही सांगितलं. लेक म्हणाली, "आई, परीक्षेला येणारे का हे?"

नाही येणार. आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. बाईच्या छंदाला आधी उपयोगाचा दाखला लागतो. मीही खुशाल देत होते. मुलीचं अक्षर सुधारेल. डोकं शांत राहतं. पुढेमागे किंमत येईल. मुलीचं अक्षर होतं तस्सं आहे. निब सरळ करताना माझं डोकं मुळीच शांत नसतं. आणि यातली बहुतेक पेनं उद्या विकली तर निम्मे पैसे आले तरी नशीब. मला आवडतं म्हणून करते, एवढं वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला तीन वर्षं लागली.

पण आता स्वतःचीही उणी बाजू सांगते, नाहीतर ही पोस्ट नुसतं रडगाणं होईल. मागच्या वर्षी मी 2,800 रुपयांचं पेन घेतलं आणि घरात 600 सांगितले. लेकीने पार्सलमधली पावती वाचली, मोठ्याने, जेवणाच्या टेबलावर. नवरा चिडला नाही. म्हणाला, "मी सायकल घेतली तेव्हा तुला बिल दाखवलं होतं." चिडला असता तर बरं झालं असतं. सायकल पेनाच्या दसपट महाग आहे, हे मला त्या क्षणी म्हणता येईना. खोटं मी बोलले होते.

तेव्हापासून ठरलंय: महिन्याला हजार, न वापरलेले पुढच्या महिन्यात. एक ड्रॉवर, त्यात मावेल तेवढंच. शनिवारी रात्री एक तास माझा, त्यात "अगं, माझा टॉवेल कुठंय" चालणार नाही. आणि महिन्यातून एका रविवारी सायकल घरी, मी जुन्या बाजारात. पुण्यात मंगळवार पेठेतला तो बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी मला ऑफिस, आणि रविवारी नवरा सायकलवर असायचा. आता कळलं ना वेळ कुठून काढते? त्याच्यातूनच काढला.

बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयात गेलात तर एक करा. दिनकर केळकरांनी जमवलेले दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या बघून झाल्या की त्यांच्या पत्नी कमलाबाईंचाही विचार करा. सगळा मिळून वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा पसारा, त्यांची त्यात साथ होती असं सांगतात. मी शाळेच्या सहलीत गेले तेव्हा फक्त "केवढं जमवलंय!" म्हटलं होतं. आता पहिलं मनात येतं, ही धूळ कोण पुसत असेल? माझ्या ड्रॉवरची मी पुसते. सायकलची चेन पुसलेली फडकी मात्र अजून माझ्याच बादलीत भिजतात. त्यावर बोलणी चालू आहेत.

आमच्या घरातलं खरं भांडण झालं ते पैशांवरून नाहीच, वाटीवरून. निबा भिजवायला मी स्वयंपाकघरातली वाटी घ्यायचे. रात्री दहाला सिंकमध्ये निळं पाणी पाहून सासूबाई म्हणायच्या, "आता ही पोरं न्हाऊ घालतेस का?" वर, ती वाटी कितीही घासा, त्या तिच्यात काही वाढून घेईनात. परवा सासूबाई भांड्यांच्या दुकानातून एक नवी वाटी घेऊन आल्या, नाव घालून. आमच्याकडे भांड्यांवर आजेसासऱ्यांपासून सगळ्यांची नावं आहेत. मला वाटलं माझं असेल. काठावर बारीक टिंबाटिंबांनी लिहिलंय: "शाईची".