गोठा पाहायला बेल्जियमला

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत युरोपहून परतलेल्या जोडप्याने पंधरा दिवसांच्या आत शेजाऱ्यांना चहाला बोलावून फोटो दाखवावेत, असा अलिखित नियम आहे. आजवर आम्ही या निमित्ताने आयफेल टॉवर नऊ वेळा पाहिलेला आहे. आमची पाळी आली तेव्हा आम्ही जे दाखवले ते असे : विटांची एक लांबलचक भिंत, त्या भिंतीतली भोके, त्या भोकांतून दिसणारे गवत आणि एका वाड्याचा लाकडी दरवाजा, आधी बाहेरून व मग आतून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बराच वेळ संयम पाळला आणि अखेर विचारले, "हे तुझं माहेर का गं?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. माझे माहेर जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात आहे आणि तिथेही असाच वाडा, असाच गोठा आणि असाच कुरकुरणारा दरवाजा आहे. मात्र लग्नाला चौतीस वर्षे होऊनही आमचे हे तिथे जेमतेम पाच वेळा आले असतील. ऊन फार, एसटी वेळेवर नाही आणि "तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?" हा त्यांचा कायमचा युक्तिवाद. अशा माणसाने लेकीकडे ब्रुसेल्सला गेल्यावर तिसऱ्याच दिवशी मला पहाटे उठवून शेतातले एक घर पाहायला नेले.

त्या घराचे नाव ऊगुमाँ. यांनी ते प्रवासात तीन वेगवेगळ्या प्रकारे उच्चारले, त्यातला हा प्रकार लेकीने मान्य केला. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनने इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन याच्या उजव्या बाजूच्या या वाड्यावर हल्ला चढवला. खरे तर ती नुसती हुलकावणी होती. वेलिंग्टनने घाबरून आपले सैन्य तिकडे हलवावे आणि मधली फळी कच्ची पडावी, एवढाच हेतू. पण त्या बाजूच्या एका तुकडीचा प्रमुख नेपोलियनचा धाकटा भाऊ जेरोम होता. धाकट्या भावाला दुधाची पिशवी आणायला पाठवावे आणि त्याने दुपारपर्यंत दुकानदाराशी भांडत बसावे, तसे झाले. साडेअकराच्या सुमारास सुरू झालेली ती हुलकावणी संध्याकाळपर्यंत चालली आणि त्यात वेलिंग्टनऐवजी नेपोलियनचेच हजारो सैनिक अडकून पडले.

आम्ही मात्र त्याआधी स्टेशनातच अडकलो. लढाई वॉटर्लूची म्हणून हे वॉटर्लू स्टेशनवर उतरले आणि तिथे कळले, की रणांगण गावापासून चांगले चार-पाच किलोमीटर दूर आहे आणि त्यासाठी ब्रेन-लालू नावाच्या पुढच्या स्टेशनवर उतरायचे असते. वेलिंग्टनचा मुक्काम वॉटर्लूला होता आणि विजयाच्या खलित्यावर त्याने तेच नाव घातले, म्हणून नाव त्या गावाचे लागले. विरारच्याही पल्याडची जागा 'बोरिवलीपासून हाकेच्या अंतरावर' म्हणून विकणाऱ्यांचा हा मूळपुरुष असावा, असे मी म्हटले. यांना ते आवडले नाही. पाऊस सुरू झाला होता.

पावसाबद्दलही मला ऐकून घ्यावे लागले. लढाईच्या आदल्या रात्री धो धो पाऊस पडला, जमीन चिखलाने माखली, तोफा हलेनात, म्हणून नेपोलियन सकाळभर जमीन वाळण्याची वाट पाहत थांबला, हे यांनी छत्रीखाली मोठ्या हळहळीने सांगितले. जूनच्या मध्यावर पाऊस पडू शकतो हे ज्याला आधी सुचले नाही, त्याच्याबद्दल मुंबईच्या माणसाला किती सहानुभूती वाटणार?

वाटेत सिंहाचा पुतळा असलेला एक मातीचा डोंगर लागतो. त्याला २२६ पायऱ्या आहेत. हे चढले, मी आणि माझे गुडघे खाली थांबलो. लढाईनंतर स्मारक म्हणून हा डोंगर रचताना आसपासच्या रणांगणाचीच माती खणून काढली, त्यात वेलिंग्टन ज्या उंचवट्यावर उभा होता तोही कापला गेला. पुनर्विकासात मूळ इमारत जाते आणि नाव राहते, हे आपल्याला नवीन नाही.

शेवटी वाडा आला. मधले मोठे घर लढाईत जळाले ते पुन्हा बांधलेच नाही. त्याला लागून असलेले छोटे प्रार्थनाघर तेवढे उरले आहे. आग आत शिरली ती क्रुसावरच्या येशूचे पाय जाळून थांबली, असे सांगतात. अगदी अलीकडेपर्यंत इथे शेती होत असे आणि लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, २०१५ मध्ये, डागडुजी करून हे सारे लोकांसाठी खुले केले. एवढे पाहून झाल्यावर हे उत्तरेच्या दरवाजासमोर हात जोडल्यासारखे उभे राहिले. लग्रो नावाच्या एका धिप्पाड फ्रेंच अधिकाऱ्याने कुऱ्हाडीने हा दरवाजा फोडला होता आणि तीस-चाळीस सैनिक आत घुसले होते. तेव्हा वेलिंग्टनचा वाड्यातला अधिकारी मॅक्डोनेल आणि त्याच्या मूठभर सोबत्यांनी खांदे लावून, बाहेरच्या लोंढ्याला रेटत, तो पुन्हा बंद केला. आत आलेल्यांपैकी ढोल वाजवणारा एक पोरगा तेवढा वाचला. सगळ्या लढाईचे यश हा दरवाजा लागण्यावर अवलंबून होते, असे पुढे वेलिंग्टनने म्हटल्याचे नोंदलेले आहे.

या एका बाबतीत मात्र मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मी एकतीस वर्षे चर्चगेटला नोकरी केली. आमच्या लोकलला दार असते, पण ते कोणी लावत नाही. दारात उभ्या असलेल्या बायका हेच दार. बोरिवलीच्या फलाटावर विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरेपर्यंत मी रोज फ्रेंच असे आणि अंधेरी आली की इंग्रज. मॅक्डोनेलला हे एकदा करावे लागले, आणि तेही परतीच्या गर्दीशिवाय.

पाऊस वाढला तसे आम्ही गोठ्याच्या वळचणीला दशम्या खात बसलो. यांचे वेलिंग्टनपुराण चालूच होते. "आणि गंमत सांगू?" हे म्हणाले. "तुमची सर्वांत उत्तम लढाई कोणती, असं म्हातारपणी त्याला विचारलं, तर त्यानं वॉटर्लू सांगितलंच नाही. हिंदुस्थानातली कुठलीशी 'असाये' सांगितली. १८०३ सालची. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या विरुद्धची."

"असई," मी म्हणाले.

"नाही, असाये. ए, डबल एस..."

"अहो, असई. माझ्या आत्याचं सासर."

हे दशमी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. तीस वर्षे इंग्रजी पुस्तकांत वाचलेले असाये आणि दर दिवाळीला 'फार आत आहे' म्हणून टाळलेली असई एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात कधी आलेच नव्हते. पुस्तकातली 'कैतना' नदी म्हणजे आमची केळणा, हेही मीच सांगितले. वाटाडे म्हणत होते, की नदीला दुसरीकडे उतार नाही. वेलिंग्टनला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली, आणि एवढी जवळची गावे म्हणजे मधे उतार असणारच, हे त्याने ताडले. "केवढी बुद्धिमत्ता!" असे हे म्हणाले. आमच्याकडची कोणतीही बाई हे सांगू शकली असती. समोरासमोरच्या गावांत सोयरिकी असतात आणि माहेरवाशिणी नदी पोहून येत नाहीत. कोणी विचारले नाही, आणि आपण हरलो.

त्याच रात्री यांनी आपणहून दादाला फोन लावला. मे महिना नको, २३ सप्टेंबरच गाठू, लढाईची तारीख आहे. तिथे माहितीफलक आहेत का, स्वच्छतागृहाची सोय कशी आहे, असे सगळे विचारून झाले.

"दाजी, या की," दादा म्हणाला. "फक्त आत्याकडं जेवायला थांबावं लागंल. चौतीस दिवाळ्यांचं बाकी हाय, एका दिवसात उरकायचं न्हाई ते."