उंची बघून फसू नका

इंग्लंडातल्या बॉक्स हिल या टेकडीवरच्या तुमच्या लेखात तिला ‘छोटंसं टेकाड’ म्हटलंय. २२४ मीटर म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे काहीच नाही, खरंय. पण पायथ्याच्या मोल नदीत ओळीने मांडलेले दगड ओलांडून समोरच्या पायऱ्या एका दमात चढून दाखवा, मग बोलू! शिवाय डोंगर खडूचा. पाऊस पडला की पांढरा चिखल असा काही निसरडा होतो की साधे स्पोर्ट्स शूज घालून गेलेला माणूस (म्हणजे मी) बसूनच खाली उतरतो.

सायकलने वर जायचा झिगझॅग रोड मात्र त्यामानाने दयाळू आहे, चढ सावकाश अंगावर येतो. २०१२च्या ऑलिंपिकमधल्या सायकल शर्यतीत पुरुषांनी या टेकडीला ९ फेरे मारले, महिलांनी २. माझा एकातच जीव गेला.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती. इंग्लंडात ‘फूटपाथ’ अशी पाटी असलेली पायवाट फक्त चालणाऱ्यांसाठी असते; सायकल न्यायची तर ‘ब्रायडलवे’ (घोडेस्वारांनाही मुभा असलेली वाट) शोधायची, आणि तिथेही चालणाऱ्यांना अन् घोड्यांना आधी वाट द्यायची. घोड्याच्या मागून गुपचूप जाऊ नका, लांबूनच हाक द्या.