तांदळाच्या विक्रमात संत्रा कुठे?

तुमचा शेतमाल निर्यातीवरचा लेख वाचला. २०२४-२५ मध्ये भारताची तांदळाची निर्यात १२ अब्ज डॉलरच्या वर गेली, हे त्यात ठळक मांडलंय, ते बरोबरच आहे. पण आधीचं वर्षही सांगा ना! जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावर निर्यातबंदी, लगेच ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क. दोन्ही उठायला २०२४ चा सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला. तोवर गोंदियाच्या राइस मिलवाल्यांनी काय सोसलं ते त्यांनाच विचारा. दाबून धरलेला माल सुटला की आकडा फुगणारच.

आणि आमचा नागपुरी संत्रा? २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाची खास ओळख सांगणारा जीआय दर्जा) मिळालं, मोठा गाजावाजा झाला. नागपुरी संत्र्याचा खरा गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी किलोमागचं आयात शुल्क २०१९ पासून वाढवत वाढवत २०२३ पर्यंत चौपटीच्या वर नेलं. तिकडचा रस्ता अडला की माल नागपूरच्या कळमना बाजारात येऊन पडतो आणि काटोल-नरखेड, वरूड-मोर्शीच्या आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या सुमारास निघणाऱ्या) फळांचा भाव कोसळतो. युरोपला पाठवा म्हणणं सोपं आहे भाऊ! साल सैल, फळात बिया, टिकाऊपणा कमी. तिकडच्या ग्राहकाला बिनबियांचं हवं. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे, पण नवीन वाण लावला तरी फळ यायला चार-पाच वर्षं जातात. तोवर निदान ग्रेडिंग, मेणाचा लेप आणि शीतगृहं गावाजवळ द्या. पुढच्या लेखात राज्यवार, पीकवार आकडे द्याल का?