‘फॉर्म स्क्रिप्टचे पाच सोपे नियम’ पाळू नका

डायनॅमिक्स ३६५ आणि पॉवर अ‍ॅप्स या मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस अ‍ॅप-प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांच्या ग्रुपांमधून सध्या एक मेसेज फिरतोय. विषय फॉर्म स्क्रिप्टचा, म्हणजे नोंदीचा फॉर्म उघडल्यावर किंवा त्यात बदल केल्यावर चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडचा. त्यातले पाच नियम थोडक्यात असे: वीस ओळींच्या स्क्रिप्टसाठी टाइपस्क्रिप्टचा (चुका आधीच पकडणाऱ्या, टाइपवाल्या जावास्क्रिप्टचा) पसारा नको. सगळीकडे लागणारा कोड एका ‘कॉमन’ फाइलीत ग्लोबल (कुठूनही बोलावता येणारं) फंक्शन म्हणून टाका आणि ती फाइल प्रत्येक फॉर्मला जोडा, नेमस्पेसच्या (नावं वेगळी ठेवणाऱ्या कप्प्यांच्या) नादी लागू नका. उघडा फॉर्म हाताळायचं जुनं ऑब्जेक्ट ‘एक्सआरएम पेज’ सरळ वापरा, कॉन्टेक्स्ट (कोणत्या फॉर्मवर काय घडलं हे सांगणारा पॅरामीटर) पास करत बसू नका. टीम लीडने टाइपस्क्रिप्ट लादलीच तर चूक दाखवणारी लाल रेघ येईल तिथे ‘एनी’ (कुठलाही टाइप चालेल) लिहा. आणि फॉर्मवर तपासणी लावली की डेटा सुरक्षित.

असले मेसेज मी एरवी सोडून देतो. पण माझी भाची नुकतीच या कामाला लागली आहे आणि तिने हे पाचही नियम मनोभावे पाळून लिहिलेला कोड मला बघायला पाठवला. ‘हजारो लोकांनी शेअर केलंय मामा, चूक कसं असेल?’ असंही वर विचारलं. म्हणून हे उत्तर.

दुसऱ्या नियमापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त वाटोळं तोच करतो.

वेब रिसोर्स म्हणून (प्लॅटफॉर्मवर साठवलेली स्क्रिप्ट म्हणून) चढवलेली फाइल ब्राउझर साधी स्क्रिप्ट म्हणूनच चालवतो. तिच्यात मोकळं लिहिलेलं प्रत्येक फंक्शन ग्लोबल होतं. भाचीच्या अकाउंट फॉर्मला दोन फाइली जोडलेल्या होत्या, एक कॉमन आणि एक अकाउंटची. दोन्हींत ‘ऑनलोड’ नावाचं, फॉर्म उघडताना चालणारं फंक्शन होतं. जावास्क्रिप्ट यावर चकार शब्द काढत नाही. नंतर आलेली फाइल आधीचं फंक्शन पुसून टाकते. मग नंतर कोणती येणार? मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की अ‍ॅपमध्ये वेब रिसोर्स असिंक्रोनस आणि समांतर लोड होतात, आणि डिपेंडन्सी (ही फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे ते) नोंदवली तरी लोड होण्याचा क्रम त्यातून ठरत नाही. हा एक मुद्दा नीट वाचला असता तर तो मेसेज कोणी पुढे पाठवलाच नसता.

प्रत्यक्षात काय होतं बघा. तिच्या मशीनवर अकाउंटची फाइल शेवटी येते आणि सगळं सुरळीत चालतं. टेस्टरकडे नेटवर्क वेगळं, कॅश रिकामी, म्हणून कॉमन शेवटी येते आणि जे फील्ड लॉक व्हायला हवं ते उघडंच राहतं. एरर नाही, कन्सोलमध्ये एक ओळ नाही. मग लोक सिक्युरिटी रोल तपासतात, बिझनेस रूल (कोडशिवाय लावलेले नियम) तपासतात, फॉर्म पुन्हा पब्लिश करतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! याच दोन फाइली टाइपस्क्रिप्टच्या एका प्रोजेक्टमध्ये असत्या, तर कंपायलरने ‘डुप्लिकेट फंक्शन इम्प्लिमेंटेशन’ म्हणून लिहितानाच अडवलं असतं.

मांडणी अवघड नाही. प्रत्येक टेबलचं एक फोल्डर, प्रत्येक फॉर्मची एक प्रवेश-फाइल. त्या फाइलीत फक्त हँडलर, म्हणजे फॉर्मवर काही घडलं की चालणारी फंक्शनं. खरं काम शेजारच्या मॉड्यूलमध्ये, आणि सामाईक कोड ‘इम्पोर्ट’ करून घ्यायचा. शेवटी वेबपॅक, रोलअप किंवा ईएसबिल्ड या बंडलरांपैकी (अनेक फाइलींची एक करणाऱ्या साधनांपैकी) जे हाताशी असेल त्याने फॉर्ममागे एक फाइल बांधायची आणि ती आपल्या प्रोजेक्टच्या एकाच ग्लोबल नावाखाली उघडी ठेवायची. मॉड्यूलमधलं ‘एक्सपोर्ट’ तसंच ठेवून फाइल चढवली तर सिंटॅक्स एरर येते, कारण प्लॅटफॉर्म तिला मॉड्यूल म्हणून लोड करत नाही. इथेच बरेच जण ‘टाइपस्क्रिप्ट इथे चालत नाही’ म्हणून परत फिरतात. चालते, फक्त बंडल करावी लागते. फॉर्म डिझायनरमध्ये एकच ऑनलोड नोंदवा, एक्झिक्युशन कॉन्टेक्स्ट पहिला पॅरामीटर म्हणून पाठवण्याची खूण करा, आणि बाकीचे बदल-हँडलर कोडमधून ‘अ‍ॅडऑनचेंज’ने लावा. कोणत्या फील्डला काय जोडलंय हे मग रिव्ह्यूमध्ये दिसतं. डिझायनरच्या पॅनेलमध्ये शोधावं लागत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. कॉमन फाइल एकदा बदलली की सगळीकडे बदलते, बंडल केलं तर सामाईक कोडमधल्या बदलासाठी सगळ्या फाइली पुन्हा बांधून पब्लिश कराव्या लागतात. पण हे काम बिल्ड पाइपलाइनचं, म्हणजे फाइली आपोआप बांधून चढवणाऱ्या व्यवस्थेचं आहे. आणि एका बदलाने सगळे फॉर्म एकाच वेळी मोडणं ही कॉमन फाइलीची दुसरी बाजू मेसेजवाल्याने सांगितलेलीच नाही.

आता चौथा नियम, ‘एनी’. भाचीने ग्राहकाच्या लुकअपवर (दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या फील्डवर) ‘गेटव्हॅल्यू’ करून त्यावर थेट ‘आयडी’ मागितला होता. लुकअपची किंमत अ‍ॅरे, म्हणजे यादी असते. रिकामा असेल तर ‘नल’. अ‍ॅरेवर ‘आयडी’ मागितला की ‘अनडिफाइन्ड’ मिळतं, तेच वेब एपीआयच्या (सर्व्हरशी डेटाची देवाणघेवाण करण्याच्या मार्गाच्या) फिल्टरमध्ये चिकटतं, आणि सर्व्हर ती विनंती नाकारतो. लुकअप अ‍ॅट्रिब्यूटचा टाइप दिला असता तर ती ओळ कंपाइलच झाली नसती. तिथे लाल रेघ आलीही होती. नियम पाळून तिने ‘एनी’ लिहिलं आणि रेघ गेली, चूक राहिली. याला टाइपस्क्रिप्ट वापरणं म्हणत नाहीत.

मेसेजमध्ये याच नियमाखाली एक वाक्य आहे: ‘टाइप खोटा धीर देतात.’ हे अर्धं खरं आहे. टाइप कंपाइल होताना गळून पडतात, आणि या प्लॅटफॉर्मच्या टाइपांचं नेहमीचं ‘टाइप्स एक्सआरएम’ पॅकेज फील्डच्या नावाच्या जागी कुठलीही स्ट्रिंग चालवून घेतं. स्पेलिंग चुकलं तर ते सांगणार नाही. त्यासाठी एक्सआरएम डेफिनिटली टाइप्डसारखं साधन आहे, जे तुमच्या एन्व्हायर्नमेंटचा मेटाडेटा (टेबलं, फॉर्म, फील्ड यांची माहिती) वाचून प्रत्येक फॉर्मसाठी टाइप बनवतं. फॉर्मवर नसलेलं फील्ड मागितलं की कंपायलर थांबवतो. फॉर्म बदलला की टाइप पुन्हा काढायचे, ही शिस्त मात्र पाळावीच लागते.

तिसऱ्या नियमातलं ‘एक्सआरएम पेज’ डायनॅमिक्सच्या आवृत्ती ९.० पासून डेप्रिकेटेड (पुढे काढून टाकायचं म्हणून जाहीर केलेलं) आहे. वापर इतका पसरलाय की इतर जुन्या एपीआयइतक्या लवकर ते काढणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच म्हटलंय. म्हणून चालतं, हे खरं. पण एडिटेबल ग्रिडच्या (जागीच बदलता येणाऱ्या यादीच्या) ओळीवर किंवा क्विक व्ह्यूमध्ये (फॉर्ममध्ये दिसणाऱ्या दुसऱ्या नोंदीच्या झलकेत) कॉन्टेक्स्ट त्या ओळीचा, त्या कंट्रोलचा असतो. तो पॅरामीटरमधूनच घ्यावा. टेस्ट लिहिताना खोटा कॉन्टेक्स्ट देता येतो, हा फायदा वेगळाच.

वीस ओळींचा मुद्दा मी फार गंभीरपणे घेत नाही. फॉर्म स्क्रिप्ट वीस ओळींची पुढच्या मागणीपर्यंतच असते.

राहिला पाचवा. फॉर्म स्क्रिप्ट तो फॉर्म उघडला तरच चालते. एक्सेलमधून इम्पोर्ट झालेल्या, पॉवर ऑटोमेटने बनवलेल्या किंवा वेब एपीआयवरून आलेल्या नोंदी तिला दिसतही नाहीत. फील्ड लपवलं म्हणजे माहिती लपली असंही नाही. त्यासाठी कॉलम-स्तराची सिक्युरिटी लागते. जो नियम मोडता कामा नये तो प्लगइनमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये) किंवा टेबल स्कोपच्या, म्हणजे सर्व्हरवरही लागू होणाऱ्या बिझनेस रूलमध्ये हवा. भाचीने क्रेडिट मर्यादेची तपासणी फक्त ऑनसेव्हमध्ये ठेवली होती. ती आता प्लगइनमध्ये गेली आहे, आणि फॉर्मवर राहिलाय तो मर्यादेजवळ पोचल्यावर दिसणारा इशारा.