मॉर्फिन म्हणजे नुसती गुंगी नव्हे

सर, रागावलात, तरी लेख शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं: अफूतल्या मॉर्फिनने माणूस गुंगतो आणि गुंगीत दुखणं कळत नाही, एवढ्या साध्या गोष्टीत मी मज्जारज्जू उगाच घुसडला. शिवाय सिझेरियनच्या बाईला कमरेतल्या सुईतून मॉर्फिन देतात हे वाचून तुम्हाला धक्काच बसला. लेकीला हे व्यसन लागायचं, असं लिहिलंत.

आधी माझी चूक. 'ही औषधं मज्जारज्जूवर काम करतात' असं मी सरसकट लिहून गेलो. मेंदूतही त्यांचं काम चालतं, आणि तिथून वेदना दाबायचे हुकूम खाली मज्जारज्जूकडे सुटतात. ते वाक्य आजच सुधारतो.

गुंगीचं मात्र पटत नाही. 1976 साली याक्श आणि रूडी या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थेट मॉर्फिन सोडलं आणि वेदना तिथेच दबते हे दाखवलं. 1979मध्ये कर्करोगाच्या रुग्णांतही तोच अनुभव आला.

होतं असं. कापल्याची खबर आणणारी चेता मज्जारज्जूच्या मागच्या भागात पुढच्या पेशीला निरोप देते. त्या चेतेच्या टोकाशी मॉर्फिन चिकटलं की कॅल्शियमची आत शिरायची वाट अडते. मग ग्लुटामेट, सबस्टन्स पी ही निरोप्या रसायनं कमी सुटतात. पुढच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि तीही सहजी चेतत नाही. स्पर्श आणि पायांतली ताकद जवळजवळ तशीच राहते. पाय जड पडतात ते सोबत दिलेल्या ब्युपिव्हकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे, आणि ते काही तासांत उतरतं. मॉर्फिनचा असर साधारण दिवसभर टिकतो. बाई जागी असते, बाळाला पाजते. (नाक मात्र खाजवत असते, खाज हा याचा नेहमीचा त्रास. मळमळ, लघवी अडणं हेही.)

मात्रा केवढी? साधारण 0.1 मिलिग्रॅम. दंडात देतात त्या 10 मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. अशा एका सुईने व्यसन लागत नाही.

तुमच्या काळजीला खरी जागा आहे ती वेगळीच. मॉर्फिन चरबीत पटकन मुरत नाही, पाण्यातच रेंगाळतं आणि हळूहळू वर मेंदूकडे सरकतं. त्यामुळे क्वचित काही तासांनी श्वास मंदावतो. म्हणून लेकीच्या भूलतज्ज्ञांना व्यसनाबद्दल विचारू नका. रात्री तिचे श्वास कोण मोजणार आहे आणि मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध, नॅलोक्सोन, वॉर्डात ठेवलंय का, ते विचारा.