‘प्रशिक्षण घेणारे कमीच कमावतात’: पण कोणापेक्षा, आणि कधीपर्यंत?

अमेरिकेतल्या कामगारांविषयीचा एक दावा गेली काही वर्षं सतत फिरतो आहे. आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना सरकारी खर्चाने नवं काम शिकवणं व्यर्थ आहे, आणि हे खुद्द सरकारच्याच अभ्यासाने दाखवून दिलंय, असा तो दावा. त्याच्या पोटात चार गोष्टी असतात: शिकलेले लोक न शिकलेल्यांपेक्षा कमी कमावतात, दर माणशी समाजाला सुमारे ५४ हजार डॉलरचा तोटा झाला, पन्नाशीतला माणूस नवं शिकत नाही, आणि म्हणून योजना बंद पडली.

ही योजना म्हणजे ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, थोडक्यात टीएए. केनेडींच्या काळात, १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातून ती आली. व्यापार खुला केल्याचा फायदा साऱ्या देशाला होणार असेल, तर त्याची किंमत एकट्या गिरणी कामगाराने का मोजायची, हा तिच्यामागचा विचार. मला तो आजही न्याय्य वाटतो. पण योजनेचा हेतू चांगला आहे म्हणून वाईट निकाल झाकावा, असं मी म्हणणार नाही. आकडे तपासूनच बोलू.

‘शिकलेले लोक कमी कमावतात.’ हा आकडा खोटा नाही. कामगार खात्याने मॅथेमॅटिका या संस्थेकडून करून घेतलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात चौथ्या वर्षी टीएए घेणाऱ्यांची कमाई तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ३,३०० डॉलरने कमी निघाली. पण तो तुलनेचा गट कोणाचा होता? त्याच भागांतले बेकारी भत्ता घेणारे, पण टीएएमध्ये नसलेले लोक. वय, शिक्षण, आधीची मजुरी अशा नोंदींवरून जोड्या जुळवल्या होत्या. संशोधकांनी हे काम कसोशीने केलं, यात शंका नाही. अडचण आहे ती नोंदीत न येणाऱ्या गोष्टींची. साध्या कपातीत काम गेलेला माणूस शेजारच्या कारखान्यात तेच काम धरू शकतो. आयातीने ज्याचा अख्खा धंदाच उठला, त्याला शेजारचा कारखानाही बंदच सापडतो. कागदावर दोघं सारखे दिसतात, पण त्यांच्यापुढच्या वाटा सारख्या नसतात.

ही शंका माझ्या मनची नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लालोंद यांनी १९८६ सालीच तिची परीक्षा घेतली होती. एका रोजगार प्रकल्पात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काहींना प्रवेश दिला होता, काहींना नाही, त्यामुळे खरा परिणाम ठाऊक होता. मग त्यांनी नाकारलेल्यांचा गट बाजूला ठेवला आणि त्याजागी सर्वेक्षणांतून निवडलेले तुलनेचे गट लावून पाहिले. गट बदलला की उत्तर बदले, आणि कधी कधी तर फायद्याचा तोटा होई.

त्यात काळही वैरी निघाला. या अभ्यासातले कामगार २००५-०६ च्या सुमारास पात्र ठरले होते. ज्यांनी प्रशिक्षण घेतलं नाही ते लगेच कामाला लागले, तेव्हा बाजार तेजीत होता. जे दीड-दोन वर्षं शिकत बसले ते बाहेर पडले नेमके २००८ च्या मंदीत. नव्या धंद्यातला नवखा माणूस मंदीत सगळ्यांच्या मागे उभा राहतो. हा परिणाम प्रशिक्षणाच्या नावावर किती आणि मंदीच्या नावावर किती, हे त्या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

मग चांगली तुलना मिळणार कशी? अर्थतज्ज्ञ बेंजामिन हायमन यांनी जी वाट शोधली ती मला फार महत्त्वाची वाटते. टीएएसाठी कामगारांच्या गटाला कामगार खात्याकडे अर्ज करावा लागे. तो एखाद्या तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर जाई. कोणता अर्ज कोणाकडे जाईल हे बरंचसं योगायोगावर असे, आणि अधिकाऱ्यांत काही मोकळ्या हाताचे, काही कडक. म्हणजे सारख्याच अवस्थेतल्या दोन कामगारांपैकी एकाला मंजुरी मिळे आणि दुसऱ्याला नकार, केवळ टेबल वेगळं पडलं म्हणून. त्या नकार मिळालेल्या माणसावर अन्यायच झाला, पण मोजणाऱ्याला त्याच्याइतका योग्य जोडीदार मिळणं अवघड. अशी तुलना केल्यावर चित्र उलटं झालं. शिकताना सुमारे १० हजार डॉलरची कमाई बुडते, पण दहा वर्षांत मंजुरी मिळालेल्यांची एकूण कमाई सुमारे ५० हजार डॉलरने जास्त भरते.

याच अभ्यासातली दुसरी बाब योजनेच्या समर्थकांना आवडणार नाही. वर्षागणिक हा फायदा विरत जातो आणि दहाव्या वर्षापर्यंत दोघांची वार्षिक कमाई सारखी होते. शिकवलेलं कौशल्यही जुनं होतं, हे मान्यच करायला हवं.

‘समाजाला ५४ हजारांचा तोटा.’ हा वेगळा पुरावा म्हणून सांगितला जातो, पण तोही मॅथेमॅटिकाच्याच अभ्यासातला आहे, आणि त्याचं मूळ आधीच्याच कमाईच्या फरकात आहे. एकाच मापाची चूक दोनदा मोजली की ती पुरावा होत नाही. शिवाय शिकण्याचा खर्च आधी येतो आणि फळ मागाहून, आणि इथे माणसांवर नजर ठेवली ती चारच वर्षं. कार्ड, क्लूव्हे आणि वेबर या अर्थतज्ज्ञांनी बेकारांसाठीच्या रोजगार कार्यक्रमांवरच्या देशोदेशीच्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांना दिसलं ते हेच, की अशा कार्यक्रमांचा सरासरी परिणाम सुरुवातीला शून्याजवळ असतो आणि दोन-तीन वर्षांनी वर चढतो.

इथे समर्थकांनाही एक सांगायला हवं. ‘इतके टक्के लोकांना काम लागलं’ हे दाखवून योजना यशस्वी ठरत नाही. त्यांतल्या कितीजणांना योजनेविनाही काम लागलं असतं, हे त्या टक्केवारीत कुठेच नसतं. उलट अशा टक्केवारीवर केंद्रांचं मूल्यमापन केलं की ज्याला काम सहज लागेल अशालाच आत घेण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या जेटीपीए या जुन्या सरकारी रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या मोजमापाचा हेकमन, हाइनरिक आणि स्मिथ यांनी अभ्यास केला, तेव्हा लगेचच्या आकड्यांचा खऱ्या परिणामाशी फारसा संबंध आढळला नाही.

‘पन्नाशीतला माणूस शिकत नाही.’ वॉशिंग्टन राज्यात नोकरी गेल्यावर कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे छोटे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, गेलेल्यांचा अभ्यास जेकबसन, लालोंद आणि सलिव्हन यांनी केला. पस्तिशीपुढचे लोक कॉलेजात कमी गेले, पण जे गेले त्यांना तरुणांइतकाच लाभ झाला. एका वर्षाच्या शिक्षणाने पुरुषांची कमाई सरासरी ९ टक्के आणि स्त्रियांची १३ टक्के वाढली. पण हा लाभ आला तो मुख्यतः तांत्रिक आणि गणिताच्या अभ्यासक्रमांतून. बाकीच्यांतून फारच थोडा. तेव्हा वयापेक्षा काय शिकवलं हे आधी विचारावं. वयस्कर माणसाकडे कमाईची वर्षं थोडी उरतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठीच २००२ च्या कायद्याने टीएएमध्ये पन्नाशीपुढच्यांना वेतन विम्याचा पर्याय दिला होता: नव्या कामात मजुरी घटली तर तुटीचा अर्धा भाग, दोन वर्षांत १० हजार डॉलरपर्यंत. नोकरी गेली तेव्हा नुकतेच पन्नाशी ओलांडलेले आणि पन्नाशीला थोडेच कमी असलेले यांची तुलना केल्यावर दिसतं, की विमा असलेले लवकर कामाला लागले.

‘म्हणून योजना बंद पडली.’ नाही. कायद्यातच मुदत होती, अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ती वाढवली नाही, आणि १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणं थांबलं. त्यानंतर आयातीमुळे ज्यांचं काम गेलं, त्यांचा अर्ज कोणत्याच टेबलावर मंजूर होऊ शकत नाही, ना मोकळ्या हाताच्या, ना कडक.